परातीतला अर्धा हलवा

वहिनी,

त्या सकाळी तुमच्या परातीखालचा गॅस मी बंद केला. परातीवर तुमचाच मलमलचा तुकडा टाकला आणि तुमच्या शेजारी रिक्षात बसले. वाटेत तुम्ही एकदा माझा हात घट्ट धरलात. तुमच्या बोटांवर पाक वाळला होता, तो माझ्या तळव्याला खरखरीत लागत होता. दवाखान्यात तुम्हाला आत नेलं तेव्हा कुणीतरी माझी बोटं सोडवली. संध्याकाळी आम्ही तुमच्याशिवाय जिना चढून वर आलो, तर दोन्ही घरांची दारं सकाळी टाकून गेलो तशीच सताड उघडी होती.

बाकीचं तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही होतातच तिथे. मला परातीबद्दल बोलायचंय. दुसऱ्या कुणाशी बोलले तर म्हणतील, मेधाच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मी धाकटी सून म्हणून आले तेव्हा सासूबाई नव्हत्याच. होतात त्या तुम्ही. एका मजल्यावर समोरासमोरचे दोन ब्लॉक, दोन भाऊ, दोन जावा. मी सकाळी पर्स आणि डबा घेऊन ठाकुर्ली स्टेशनकडे धावत सुटायचे आणि तुम्ही माझ्या मुलाला भरवायचात, माझं दूध तापवायचात आणि मी वाळत टाकलेले कपडे पुन्हा झटकून नीट टाकायचात, कारण मी टाकलेले तुम्हाला बघवायचे नाहीत. "मेधा, शर्टाची बाही अशी लोंबती ठेवतात का गं? माणूस टांगल्यासारखा दिसतो." मी चिडायचे. ऑफिसातून आल्यावर माझ्याच दोरीवर दुसऱ्याचे हात फिरलेले बघून कुणालाही राग येईल. पण खरं सांगते, परवा मी कपडे टाकून आत आले, चहा घेतला आणि परत गॅलरीत गेले. बाह्या लोंबतच होत्या. मी तिथेच उभी राहून रडले.

तुमच्या घरात उघडं असं काही नव्हतं. मिक्सरला झालरीचं कव्हर, फ्रीजच्या हँडलला क्रोशाची पिशवी, पाण्याच्या तांब्यावर मणी लावलेली जाळी. टेलिफोन गेला, पण त्याच्याखालचा विणलेला रुमाल राहिला, आता त्याच्यावर वायफायचा डबा बसतो. भाऊजींच्या चष्म्याच्या घराला तुम्ही आणखी एक घर शिवलं होतंत. मी म्हणायचे, "वहिनी, भाऊजी तेवढे बिनकव्हरचे राहिले." त्यावर तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "मग स्वेटर कुणाचा घातलाय त्यांनी?" भाऊजी पेपरामागे हसायचे. आता ते तांब्यावरची जाळी उचलतात, पाणी ओततात आणि जाळी पुन्हा मधोमध बसवतात. पूर्वी कधी बसवायचे नाहीत.

पण ही सगळी बारा महिन्यांची कामं. तुमचं खरं काम संक्रांतीआधीचं. डोंबिवलीत थंडी कुठली पडायला, तरी मार्गशीर्ष सरत आला की तुम्ही पहाटे गॅलरीतून हात बाहेर काढून बघायचात. एखाद्या दिवशी म्हणायचात, "आज आहे." मग माळ्यावरची परात उतरायची. मंद आचेवर तवा, तव्यावर परात, परातीत निवडलेले तीळ. त्यावर चमच्याने पाकाचे थेंब सोडायचे आणि बोटांच्या टोकांनी दाणे हळूहळू फिरवत राहायचं. सुकला की पुन्हा थेंब, पुन्हा फिरवणं. पहाटे घटकाभर रोज, कितीतरी दिवस. आधी तीळ नुसता पांढरा व्हायचा, मग टपोरा, आणि मग एका सकाळी त्याला बारीक बारीक काटे फुटायचे. आपल्या दोन दारांमधून त्याचा आवाज यायचा. तांदूळ पाखडावेत तसा, पण त्याहून हळू. माझी झोप त्या आवाजाने मोडायची नाही, उलट गाढ व्हायची.

पहिल्याच वर्षी मी हौसेने शेजारी पाट घेऊन बसले होते. माझ्याच पहिल्या संक्रांतीचे दागिने व्हायचे होते त्यातून. मी परातीत बोटं घातली आणि तुम्ही माझं मनगट धरून बाजूला केलंत. "तुझे हात गरम आहेत, मेधा. काटा यायचा नाही." मी हात गालाला लावून बघितले. मला काही गरम वाटेनात. पण तुम्ही म्हणालात म्हणजे असतील, असं धरून चालले. मला ओवायचं काम मिळालं. सुई घातली तर हलवा फुटतो, म्हणून एकेका दाण्याला दोऱ्याचा फास घालायचा आणि हळूच आवळायचा. त्यात मी तरबेज झाले. परातीपाशी मात्र तुम्ही कधी बसू दिलं नाहीत. दर वर्षी मी विचारायचे, दर वर्षी तुम्ही तेच म्हणायचात, आणि दर वर्षी आपण त्यावरून थोडं भांडायचो. मी म्हणायचे, फडके रोडवर अख्खा सेट तयार मिळतो, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. तुम्ही नाक मुरडायचात. "तो हलवा आहे? पांढरे खडे आहेत ते."

या वर्षी तर इराचं पहिलं बोरन्हाण. तुमची एकुलती एक नात. तुमची मुक्ता तिला घेऊन कळव्याहून आली तेव्हा तुम्ही बाळाच्या मनगटाला, गळ्याला, डोक्याला दोरा लावून मापं घेतलीत आणि ते दोरे देवघरात समईखाली ठेवलेत. "आजीच्या हातचं घालणार आमची ठकी," असं तुम्ही तिला तीनतीनदा सांगत होतात आणि ती तुमच्या बांगडीला लाळ लावत होती.

परातीतल्या तिळाला नुकता काटा धरायला लागला होता. तेवढ्यात तुम्ही कपाळाला हात लावून खाली बसलात.

तुमच्या मागे त्या परातीला हात कुणी लावायचा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला आणि मुक्तानेच तो निकालात काढला. "काकू, कुणी हात लावू नका. आईच्या हातचं शेवटचं आहे ते. मी बरणीत भरून जपून ठेवणार."

"अगं, अर्धा आहे तो अजून. असाच ठेवलास तर पाझरेल. त्याचा गोळा होईल."

"होऊ दे."

"आणि इराचं बोरन्हाण?"

तिने तोंड फिरवलं. कळव्याहून तिच्या सासूबाईंचा फोन आला होता. बाई शहाण्या आहेत. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे सुतक नाही, बाळाचं पहिलं वर्ष काही परत येत नाही, रथसप्तमीच्या आत चार मुलं बोलावून साधंसं करू, तुझ्या आईलाही तेच आवडलं असतं. मुक्ता मला म्हणाली, "सेट ऑनलाइन मागवते मी. सिरियसली काकू, आत्ता मला त्या परातीकडे बघवतसुद्धा नाही."

लेक तिची, आई तिची. पण माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागला. तुम्ही माप घेतलेल्या मनगटावर पांढरे खडे चढणार आणि तुमचा हलवा कळव्याच्या कपाटात एका बरणीत ओलसर गोळा होऊन बसणार. या दोन गोष्टी मला काही केल्या सोसेनात.

आणि मग तो आवाज यायला लागला.

पहिल्यांदा मला वाटलं स्वप्न. पहाटेचा अंधार, हे शेजारी घोरतायत, आणि दारापलीकडून तोच आवाज. तांदूळ पाखडल्यासारखा, हळू. मी उठून बसले. नंतर आवाज थांबला. दुसऱ्या पहाटे पुन्हा. मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? तेरावं व्हायचंय अजून, घरातली बाई परातीपाशी बसलीय? लोकांनी लगेच कुणाला तरी बोलावून शांत करून घेतलं असतं, आणि मला तुम्हाला शांत करायचं नव्हतं. भीती वाटली नाही असं नाही. पण पुढे पुढे मी जागी राहून त्या आवाजाची वाट बघायला लागले. एखाद्या दिवशी उशीर झाला की जास्त भीती वाटायची. मी अंथरुणातच पुटपुटायचे, "वहिनी, या ना." आवाज आला की मला झोप लागायची.

तेरावं झालं. पाहुणे गेले, मुक्ता इराला घेऊन कळव्याला गेली. दुसऱ्या पहाटे आवाज आला तेव्हा मी चप्पल न घालता दार उघडलं. तुमचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. खिडकीतून रस्त्याचा जेवढा उजेड येतो तेवढाच. स्टुलावर तुमचा तो लोकरीचा स्वेटर घालून कुणीतरी पाठमोरं बसलं होतं आणि मांडीवर परात होती. त्या एका क्षणात मी काय काय बोलले असेन कोण जाणे.

"मेधा? घाबरलीस का गं?" भाऊजी म्हणाले.

ते परात दोन्ही हातांनी धरून नुसती डोलवत होते. गॅस नाही, पाक नाही, काही नाही.

"चिकटेल ना, म्हणून चाळवतोय," ते म्हणाले. "ती रोज करायची. एक दिवस सोडला तर बिघडतो म्हणायची."

मी ओट्याला टेकून खालीच बसले. म्हणजे इतके दिवस ते होते. वहिनी, मला हायसं वाटलं आणि लगेच इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. तुम्ही येत होतात, आणि आता येत नव्हतात. माझ्या लेखी तुम्ही त्या पहाटे गेलात.

भाऊजींनी परात माझ्याकडे सरकवली. "आता तू कर पुढचं. मला पाक जमत नाही."

"माझ्याने नाही होणार. माझे हात गरम आहेत."

"कोण म्हणालं?"

"वहिनी."

भाऊजींनी चष्मा काढला. "मलाही तेच सांगायची. लग्न झालं त्या वर्षी मी हौसेने शेजारी बसलो, तर म्हणाली, तुमचे हात गरम आहेत, जा पेपर वाचा. मुक्तालाही तेच. समोरच्या बिल्डिंगमधली ती कुलकर्णीण शिकायला आली होती, तिलाही तेच." मग म्हणाले, "मला वाटतं, तिला तेवढी एक घटका कुणी नको असायचं."

वहिनी, हे तुम्ही बरं नाही केलंत. मी त्या पहाटे तुमच्यावर जेवढी चिडले तेवढी तुम्ही हयात असताना कधी चिडले नव्हते. इतकी वर्षं मी आपले हात कमी प्रतीचे समजत आले. लोकांच्या घरी पापड लाटायला बसले तरी मनात यायचं, आपले हात गरम. सरळ सांगायचंत ना, मला एकटीला बसू दे म्हणून. दोन घरांचं करता करता तुम्हाला स्वतःचा असा वेळ कुठला असणार, हे मला कळलं नसतं का? कदाचित नसतं कळलं. पण विचारायला तुम्ही नाही आणि उत्तर द्यायला भाऊजींचा अंदाज तेवढा शिल्लक आहे.

रागाच्या भरातच मी पाक केला. दूध घालून मळी काढली, गाळला. किती पातळ ते तुम्ही सांगितलं नव्हतंत, पण उघड्या दारातून बघून बघून माझ्या डोळ्यांना माहीत होतं. गॅस बारीक केला. परातीच्या कडेला तुमच्या बोटांचे माग होते, वाळलेल्या साखरेत उमटलेले, गोल गोल. मी चमचा भरून घेतला आणि थेंब सोडायच्या आधी थांबले. कारण तेव्हा लक्षात आलं की दाण्याच्या वर आत्ता आहे तो तुमचा थर. मी एक थेंब टाकला की तो आत गेला. रोज मी फिरवणार, रोज तो आणखी आत जाणार. मुक्ता त्याला हात लावू नका म्हणत होती ते उगीच नव्हतं. मी चमचा खाली ठेवला. भाऊजी देवघरात गेले आणि समईखालचे ते मापाचे दोरे आणून माझ्यासमोर ओट्यावर ठेवले. एवढंसं मनगट, वहिनी. माझ्या दोन बोटांत मावेल एवढं.

मी थेंब सोडला.

बोटं भाजली, सवय नव्हती. पण तुमच्या बोटांच्या मागांवरून माझी बोटं फिरायला लागली आणि ती घटका कशी गेली कळलं नाही. रोज पहाटे मी येत राहिले. भाऊजी दार लोटून ठेवायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. कुणी आजूबाजूला नसलं की खरंच बरं वाटतं, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळलं. ऑफिस, घर, मुलगा, सून, सगळं त्या आवाजाच्या पलीकडे राहतं. कधी कधी वाटायचं तुम्ही माझ्या खांद्यामागे उभ्या आहात आणि आत्ता मनगट धराल. मी मान वळवली नाही. आणि एका सकाळी उजेडात परात नेऊन बघितली तर दाण्यादाण्यावर काटा होता. तुमच्यासारखा लांब नाही, थोडा बोथट. पण काटा.

नेमकी त्याच सकाळी मुक्ता आली. एका हातात इरा, दुसऱ्या हातात काचेची बरणी. स्वयंपाकघराच्या दारात ती थबकली.

"काकू! मी सांगितलेलं ना तुला!"

"सांगितलं होतंस."

"मग? आता यातलं आईचं कुठलं आणि तुझं कुठलं?"

"ते आता मला तरी कुठे सांगता येतंय?" मी म्हणाले. "पण हे बघ."

ती बघायला वाकली. रडली. इराला भाऊजींनी घेतलं. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं, पदर-बिदर काही नाही, टीशर्टच्या बाहीलाच, आणि माझ्या शेजारी बसली. परातीकडे हात नेला. "मी थोडं फिरवू?"

आणि वहिनी, माझ्या तोंडून निघालं, "राहू दे. तुझे हात गरम आहेत."

आवाज माझा नव्हता. तो स्वर, "राहू दे" वरचा तो तुमचा ठसका, सगळं जसंच्या तसं. मुक्ताचा हात हवेतच राहिला. आम्ही दोघींनी एकदम दाराकडे बघितलं. गॅलरीतून भाऊजी इराला घेऊन तसेच आत आले आणि चौकटीत उभे राहिले. मग मुक्ता हसायला लागली, "सेम आई, काकू, सेम!" म्हणत इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मीही हसले. मी परात तिच्यापुढे सरकवली. तिच्या हातूनही दाणे छान फिरत होते.

बरणी ती रिकामीच घेऊन गेली. ओवायला आम्ही दोघी बसलो, एकेक फास घालत. मापाच्या दोऱ्यांना लावून लावून मनगट्या केल्या, छोटा हार, कपाळावर येईल असा मुकुट. कमरेला काही पुरलं नाही. तुम्ही असतात तर पुरवलं असतंत.

काल कळव्याला बोरन्हाण झालं. मी जाऊ की नको करत होते, आपल्याकडे वर्षभर सण नाही. पण मुक्ताच्या सासूबाईंनी स्वतः फोन करून बोलावलं. भाऊजीही आले, तुमचा स्वेटर घालून, भर दुपारी. इरा काळ्या झबल्यात पाटावर बसली. पांढरे दागिने तिच्यावर असे खुलले की बघणाऱ्या बायका विचारत होत्या, कुठून आणले. मुक्ता म्हणाली, "घरचे आहेत." एवढंच. मग डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे ओतले आणि मुलं तुटून पडली. इरा घाबरली नाही. तिने मनगटीच तोंडात घातली आणि चोखत बसली. मी पुढे झाले, तिच्या हातातून काढायला. मुक्ताने मला अडवलं. "खाऊ दे की, काकू. खायचाच असतो ना तो." आणि तिने स्वतःच इराच्या गळ्यातला हार उतरवला, फास सोडवले आणि दाणे मुलांना वाटून टाकले.

थोडे माझ्या तळव्यावर ठेवले. भाऊजींच्या तळव्यावर ठेवले. त्यांनी मूठ मिटली ती घरी येईपर्यंत उघडली नाही.

मी एक दाणा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. चावायचा नाही असं ठरवलं होतं. वरचा थर माझा, तो आधी जाऊ द्यायचा, आणि मग तुमचा लागला की तिथे थांबायचं, जितका वेळ थांबता येईल तितका. आजूबाजूला मुलांचा कल्ला चालला होता. काटे बोथट झाले, साखर हळूहळू विरघळत गेली, मी जीव एकवटून वाट बघत होते. माझं कुठे संपलं आणि तुमचं कुठे सुरू झालं ते मला कळलंच नाही. एकदम दाताखाली तीळ आला.